कापलेला प्रवेश : ‘एकच प्याला’ पुन्हा वाचताना

दारूविषयी मराठी माणसाला जे ठाऊक आहे, त्यातले निम्मे गडकऱ्यांनी सांगितलेले आहे आणि उरलेले निम्मे त्याला शेजारच्या घराच्या भिंतीतून ऐकू आलेले आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, संगीत रंगभूमीचे वैभव ओसरले, तरी सुधाकर, सिंधू आणि तळीराम ही नावे आपल्या बोलण्यातून गेली नाहीत. गावातल्या पिणाऱ्याला आपण अजून ‘तळीराम’ म्हणतो आणि सोसणारी बायको दिसली की ‘सिंधूच ती’ म्हणून सुस्कारा टाकतो. एखादी साहित्यकृती लोकांच्या भाषेत इतकी खोल मुरली की ती नुसते वाङ्मय राहत नाही, लोक तिच्याबरहुकूम वागू लागतात. म्हणून ‘एकच प्याला’ हे नाटक मला आज वाङ्मय म्हणून जितके तपासावेसे वाटते, तितकेच वागणुकीचे पाठ्यपुस्तक म्हणूनही तपासावेसे वाटते.

थोडा इतिहास आधी. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. हे नाटक रंगभूमीवर आलेले त्यांना पाहता आले नाही. त्यांच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळीने ते बडोद्यात प्रथम सादर केले. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची, सिंधू बालगंधर्वांची आणि सुधाकर गणपतराव बोडसांचा. गडकऱ्यांचा जन्मही गुजरातेत नवसारीचा, तेव्हा आमच्या बडोदेकर वाचकांनी या नाटकावर जरा जास्तच हक्क सांगायला हरकत नाही. गंमत अशी की ज्या बडोद्यात सुधाकराने पहिला प्याला उचलला, ते आज दारूबंदीच्या राज्यात आहे, आणि तिथल्या डॉक्टरांकडे व्यसनी रुग्ण येतच नाहीत असे मात्र कुणी म्हणत नाही. आमच्या सीमाभागाची तऱ्हा वेगळी. इथून गोव्याची हद्द जवळ, तिकडची बाटली स्वस्त, आणि शनिवारी रात्री घाटातून उतरणाऱ्या मोटारसायकली कशासाठी उतरतात हे सर्वांना माहीत असते.

नाटकाचे कथानक मुद्दाम सांगत बसत नाही, वाचकांना ते पाठ आहे. पण काही जागा नव्याने पाहण्यासारख्या आहेत. सुधाकर हुशार वकील आहे, स्वाभिमानी आहे, स्वाभिमानाच्या पलीकडे जाऊन थोडा गर्विष्ठही आहे. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो आणि त्याची सनद काही महिन्यांसाठी जाते. अपमान आणि सक्तीचा रिकामपणा एकदमच अंगावर येतात. अशा वेळी तळीराम प्याला पुढे करतो, आणि तो चैनीसाठी नव्हे तर विसरण्यासाठी. गडकऱ्यांची निरीक्षणशक्ती इथे थक्क करणारी आहे. व्यसनाचे बीज पेल्यात नसून पेला रिकामा करणाऱ्याच्या त्या दिवशीच्या मनःस्थितीत आहे, हे त्यांनी १९१९ च्या आधी ओळखले होते. पुढे सुधाकर रामलालजवळ व्यसनाच्या अवस्थांचे जे विवेचन करतो, ते तर एखाद्या वैद्यकाच्या प्राध्यापकाला वर्गात वाचून दाखवता येईल. सोय म्हणून घेणे, मग सवय म्हणून घेणे, आणि शेवटी घेतल्याशिवाय उभेच राहता न येणे, हा उतार त्यांनी जवळून पाहिल्यासारखा रेखाटला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने व्यसनाधीनता ओळखण्यासाठी जी लक्षणे सांगितली, ती या नाटकाशेजारी ठेवून पाहावीत. अनावर ओढ, किती आणि केव्हा घ्यायची यावरचा ताबा सुटणे, तितकाच परिणाम होण्यासाठी मात्रा वाढत जाणे, न मिळाल्यास शरीराने बंड करणे, बाकीच्या आवडीनिवडी गळून पडणे, आणि नुकसान डोळ्यांसमोर दिसत असूनही न थांबता येणे. यांतली तीनही वर्षभरात एकत्र दिसली तर डॉक्टर तिला आजार म्हणत आले आहेत. सुधाकराच्या ठिकाणी तीनाहून जास्त सापडतात. म्हणजे निदानाच्या बाबतीत गडकरी कुठे चुकलेले नाहीत. माझी तक्रार निदानाविषयी नाही.

पहिली तक्रार नाटकाच्या नावाविषयी आहे, आणि तीही गडकऱ्यांपेक्षा आपल्याविषयी जास्त. ‘एकच प्याला’ हे नाव नाट्यदृष्ट्या बिनतोड आहे, पण त्यामुळे आपल्या मनात एक चुकीचे गणित पक्के बसले. एका प्याल्याने माणूस बुडतो, म्हणजे ज्याने एक प्याला घेतला आणि बुडला नाही, तो स्वतःला सुरक्षित समजतो! कॉलेजात जाणारा मुलगा मित्रांबरोबर पहिल्यांदा घेतो, दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेला बसतो, पास होतो, आणि घरच्यांनी भिती घातली ती खोटी होती असे ठरवून मोकळा होतो. खरी गोष्ट अशी की पिणारे सगळेच व्यसनाधीन होत नाहीत, पण कोण होणार हे आधी कुणालाच कळत नाही. आनुवंशिकता, सुरुवातीचे वय, मनाचा पिंड, सोबत आणि हाताशी असलेली उपलब्धता यांचे ते मिश्रण असते. नाटक हे सगळे दाखवते. नाव ते झाकते. आपण नाव लक्षात ठेवले.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, तो प्रसंग आपण नेहमी नैतिक झगडा म्हणून वाचतो. निश्चय, मग समाजाकडून अपमान, मग पुन्हा प्याला. प्रतिष्ठित मंडळी त्याला दारात उभे करीत नाहीत, आणि तो परत फिरतो. समाज सुधारू पाहणाऱ्यालाच कसा ढकलतो याचे हे चित्रण आजही तितकेच खरे आहे. पण या सगळ्यात शरीर कुठे आहे? रोज मोठ्या प्रमाणात पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली तर पहिल्या दोनतीन दिवसांत हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना झटके येतात, काहींना नसलेली माणसे आणि किडेमुंग्या दिसू लागतात, आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास प्राणावरही बेतते. नाटकात शपथ आहे, पश्चात्ताप आहे, कंप नाही. त्यामुळे प्रेक्षकाच्या मनावर असे ठसते की सोडणे हा केवळ इच्छाशक्तीचा प्रश्न आहे आणि ज्याला सुटत नाही तो नादान आहे. या समजुतीपायी आपल्याकडे अजून लोक नवऱ्याला किंवा मुलाला खोलीत कोंडून ‘दोन दिवसांत सुधारतो की नाही पाहू’ म्हणतात. हे औषधावाचून आणि डॉक्टरावाचून करणे धोक्याचे आहे. तितकाच धोका आहे तो ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिरातींचा. चहात किंवा आमटीत कालवायच्या त्या पुडीत काय असते, ते घरच्यांना माहीत नसते. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना माणूस प्याला तर तोंड लाल होणे, ओकाऱ्या, छातीत धडधड, रक्तदाब एकदम उतरणे असे काहीही होऊ शकते. ते औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

आता सिंधू. इथे लिहिताना हात थोडा थबकतो, कारण आमच्या पिढीच्या आयांनी तिच्यासाठी डोळे पुसलेले आहेत. फाटक्या, ठिगळाच्या लुगड्यातली, जात्यावर दळून घर चालवणारी, माहेरची मदत नाकारणारी आणि मरतानाही नवऱ्यावर आळ येऊ नये म्हणून खोटे सांगणारी सिंधू. बालगंधर्वांच्या गळ्याने तिला देवत्व दिले. मी तिच्या करुणेवर शंका घेत नाही. पण व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणारे समुपदेशक घरच्या मंडळींना पहिल्या भेटीतच जे सांगतात, ते सिंधूच्या वागण्याच्या नेमके उलट आहे. त्याच्या वतीने साहेबाला खोटी चिठ्ठी लिहू नका. उधारी तुम्ही फेडू नका. शेजाऱ्यांना ‘ताप आलाय’ म्हणून सांगू नका. तुमचे झाकणे म्हणजे त्याच्या पिण्याला घातलेला आधार असतो. त्याच्या कृतीचा चटका त्याला लागू द्या, आणि स्वतःच्या व मुलांच्या जिवाला धोका असेल तर आधी बाहेर पडा. ज्याला आपण पातिव्रत्य म्हणून शंभर वर्षे टाळ्या दिल्या, ते व्यसनाला अन्न पुरवणारे वर्तन होते, हे मान्य करणे जड जाते.

हे केवळ पुस्तकी बोलणे नाही. काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाच्या हातावर माराच्या खुणा दिसल्या, म्हणून मी त्याच्या आईला शाळेत बोलावून घेतले. “सायकलवरून पडला, सर,” ती म्हणाली. मुलगा खाली बघत होता. थोड्या वेळाने मी मुलाला वर्गात पाठवले आणि शिपायाला चहा आणायला सांगितला. चहा निवेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “सर, आमच्यात बाईनं असं बाहेर सांगायचं नसतं.” मी विचारले, “कुणी सांगितलं नसतं म्हणून?” ती म्हणाली, “कुणी कशाला सांगायला पाहिजे?” तिने ‘एकच प्याला’ पाहिले होते की नाही ते मी विचारले नाही. विचारण्याची गरजच नव्हती. सिंधूचे वाक्य पाठ असायला नाटक पाहावे लागत नाही. पुढे ती बाई आणि तिचा दीर मिळून त्या गृहस्थांना उपचारासाठी घेऊन गेले. त्यात माझा वाटा एवढाच, की मी त्यांना पत्ता दिला आणि मुलाच्या त्या आठवड्याच्या गैरहजेरीचे कारण नोंदवहीत विचारले नाही.

नाटकातच सिंधूला एक उत्तर आहे, ते म्हणजे तळीरामाची बायको गीता. ती फटकळ आहे, नवऱ्याचे काही झाकत नाही, जे आहे ते तोंडावर बोलते. गडकऱ्यांनी तिला विनोदी पात्रांच्या बाजूला बसवल्यामुळे आपण तिच्या बोलण्याला हसतो. आज वाचताना मला ती घरातली एकमेव शहाणी व्यक्ती वाटते. विनोदाच्या जोरावर लेखक पुष्कळदा स्वतःलाही न पटणारे सत्य सांगून जातो, त्याचा हा नमुना. आणि तळीरामाच्या आर्य मदिरा मंडळाविषयी काय बोलावे! त्या प्रवेशांना हशा पिकतो, पिकलाच पाहिजे, पण गॅदरिंगच्या प्रयोगात मी नेहमी प्रेक्षकांतल्या मुलांकडे बघतो. दोनचार मुले अशी असतात की सगळे सभागृह खिदळत असताना त्यांचे चेहरे हलत नाहीत. शिक्षकांनी त्या चेहऱ्यांची नावे लिहून ठेवावीत, हजेरीपटापेक्षा ती यादी उपयोगी पडेल.

गडकऱ्यांनंतर या विषयावर मराठीत ज्याने खरी नवी वाट पाडली तो नाटककार नव्हे. अनिल अवचट मुळात डॉक्टर, पण वृत्तीने हिंडून पाहणारे लेखक. १९८० च्या दशकात ब्राउन शुगरचे, म्हणजे ‘गर्द’चे लोण मुंबई-पुण्यात पसरले, तेव्हा ते गर्दुल्ल्यांत जाऊन बसले, त्यांचे ऐकले आणि ‘गर्द’ लिहिले. वाङ्मयीन दृष्ट्या हे पुस्तक गडकऱ्यांच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. तिथे अलंकार नाही, कोटी नाही, टाळीचे वाक्य नाही. लहान लहान वाक्ये, बोलीतले शब्द, पन्नी, पुडी, टर्की. गर्द न मिळाल्यावर होणाऱ्या तळमळीला त्या मुलांनी दिलेला ‘टर्की’ हा शब्द वाचला की गडकऱ्यांच्या नाटकात जे शरीर हरवले होते ते इथे सापडते. अवचट उपदेश करत नाहीत, निवाडाही देत नाहीत. एवढा वेळ ऐकून घेणारा माणूस मराठी गद्यात त्याआधी क्वचितच भेटला होता. रामलाल बोलतो, अवचट ऐकतात. माझ्या मते दोन शतकांतला फरक तिथे आहे.

या लेखनातून पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी पुढाकार घेऊन आर्थिक साहाय्य केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याचा कणा होत्या डॉ. अनिता अवचट. त्या १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट जानेवारी २०२२ मध्ये. केंद्र चालू आहे. या प्रवासावर अवचटांनी लिहिलेले ‘मुक्तांगणची गोष्ट’ मी पालकांना वाचायला देतो. समुपदेशन म्हणजे नेमके काय, हे त्यात दिसते. समुपदेशक शपथ घ्यायला लावत नाही. दारू तुला काय देते, आणि तुझ्याकडून काय नेते, हे तो माणसाच्या स्वतःच्या तोंडून वदवून घेतो. घरच्यांना वेगळे बसवतो. बरे झालेलेच पुढे नव्या रुग्णांसाठी उभे राहतात. घसरण झाली तर तो अपमानाचा विषय न मानता उपचाराचा पुढचा टप्पा मानतात. पुस्तकाचे एक न्यून मात्र सांगितले पाहिजे. त्याचा सूर इतका प्रेमळ आहे की वाचून उठलेल्या पालकाला वाटते, एकदा तिथे नेऊन पोचवले की झाले. पाठपुराव्याची वर्षे, महिन्यामागून महिने बैठकीला जाणे, ही नीरस बाजू पुस्तकात असूनही वाचकाच्या लक्षात राहत नाही. लक्षात राहतात त्या माणसांच्या गोष्टी.

आमच्यासारख्या द्विभाषिक जिल्ह्यात शब्दांचा घोळ आणखी वेगळा. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ संकट, आपत्ती असाही आहे. आपण मराठीत दोष तेवढा ठेवला आणि संकट गाळून टाकले. मग दारुडा, बेवडा, गर्दुल्ला हे शब्द आले. एकदा चिकटले की सुटत नाहीत. शेजारच्या कन्नडात ‘चट’ म्हणतात आणि पिणाऱ्याला ‘कुडुक’. तिथेही दया नाहीच. त्यात अडचण अशी की सरकारी दवाखान्यातली भाषा एक आणि घरातल्या लाजेची भाषा दुसरी. रेशनकार्डाचे काम माणूस दुसऱ्या भाषेत निभावून नेतो, पण ‘मी आईवर हात टाकला’ हे वाक्य मातृभाषेखेरीज दुसऱ्या भाषेत ओठांवर येत नाही. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था, बेंगळूरचे निम्हान्स, गोव्यात बांबोळीची मनोरुग्ण संस्था, ही सगळी आपल्या आवाक्यातली ठिकाणे आहेत. तिथे जाताना आपल्या भाषेत बोलणारे कुणी आहे का, हे संकोच न करता आधी विचारावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे केंद्र सरकारचे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहेत. पोलिसांच्या भीतीने मुलाला लपवून ठेवणाऱ्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट : अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. थोड्या प्रमाणाच्या किंवा केवळ सेवनाच्या गुन्ह्यात व्यसनी माणूस स्वतःहून मान्य केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर खटला न चालवण्याची तरतूद त्यात केलेली आहे.

उपचार मिळतात किती जणांना? अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळालेले आढळले. त्याच पाहणीत शिक्षकाला झोप लागू न देणारी नोंद आहे ती हुंगण्याच्या पदार्थांची. सोल्युशन, व्हाइटनर, थिनर असल्या वस्तूंचे सेवन हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मुलांचे प्रमाण मोठ्या माणसांपेक्षा जास्त होते. दप्तराला येणारा रसायनाचा वास, नाकाभोवतीचे पुरळ, मधल्या सुट्टीनंतरची गुंगी, एकाएकी बदललेले मित्र. हे दिसल्यावर दप्तर झडती घेण्याआधी मुलाला बसवून विचारावे, आणि ऐकावे.

ऐकण्यावरून पुन्हा नाटकाकडे येतो, कारण गडकऱ्यांच्या पदरातले एक श्रेय त्यांना अजून दिलेले नाही. ‘एकच प्याला’मध्ये दारूतून बाहेर पडलेला एक माणूस आहे, आणि तो कुणाला आठवत नाही. भगीरथ. प्रेमभंगाच्या दुःखात तो मदिरा मंडळाच्या वाटेला लागतो. रामलाल त्याला गाठतो आणि लोकसेवेच्या कामाकडे वळवतो. तोच रामलाल, ज्याचे सुधाकरापुढे काही चालत नाही! असे का झाले, हा प्रश्न समीक्षकांनी गडकऱ्यांच्या संविधानकातला सैलपणा म्हणून सोडून दिला असेल, पण मला त्यात सैलपणा दिसत नाही. भगीरथ अजून पहिल्या उतारावर होता. त्याच्या पिण्यामागचे दुःख विचारणारे कुणी तरी भेटले. आणि रिकाम्या झालेल्या दिवसात भरायला त्याला काम मिळाले. सुधाकराला यांतले एकही वेळेवर मिळाले नाही. रामलाल परदेशात होता, आणि परतला तेव्हा मैत्रीपोटी तो उपदेशच करू शकला. लवकर ओळखणे, विचारणे, दिवस भरून काढणे. आजच्या समुपदेशकाच्या वहीतली तीन कलमे गडकऱ्यांनी एका दुय्यम पात्राच्या हाती देऊन ठेवली होती.

मी आजवर पाहिलेल्या हौशी प्रयोगांत, बेळगाव असो की गोव्यातली जत्रा असो, नाटक लांबते म्हणून कात्री लागते ती बहुधा भगीरथाच्याच प्रवेशांना. मदिरा मंडळ राहते, कारण हशा हवा. सिंधूची पदे राहतात, ती राहिलीच पाहिजेत. यंदा गॅदरिंगसाठी आमच्या मराठीच्या बाई दोन प्रवेश निवडत होत्या. त्यांना मी सुचवले आहे की मंडळाचा प्रवेश निम्मा करावा, आणि त्यानंतर लगेच रामलाल-भगीरथ यांचा प्रवेश पूर्ण घ्यावा. बाई म्हणाल्या, “सर, त्यात टाळ्या नाहीत.” तालमी सुरू झाल्या आहेत. भगीरथाचे काम नववीतल्या एका मुलाने मागून घेतले आहे.